पट आणि निकाल : टेंभी नाक्याच्या शाळेच्या निमित्ताने

ठाणे शहरातील टेंभी नाक्याचा परिसर लोकवस्तीच्या दृष्टीने पूर्वीपासूनच मिश्र स्वरूपाचा आहे. नाक्याच्या आसपास पारशांची अग्यारी आहे, जैन मंदिर आहे, आणि 1879 साली बेने इस्रायल समाजाने उभारलेले शाअर हाशामाईम हे प्रार्थनामंदिरही आहे. चेंदणीचा कोळीवाडा तेथून फारसा दूर नाही. याच नाक्यावर बैरामजी जीजीभाई यांच्या नावाने ओळखले जाणारे सार्वजनिक विद्यालय आहे. 1881 च्या खानेसुमारीत ठाणे शहराची लोकसंख्या 14,456 इतकी भरली होती. एवढ्याशा गावात इतक्या समाजांची वस्ती असता, येथील सार्वजनिक शाळेच्या पटावर तिचे प्रतिबिंब तितक्याच प्रमाणात उमटले असेल, असा समज सहज होण्याजोगा आहे. परंतु इलाख्याच्या शिक्षणाचा इतिहास या समजाला दुजोरा देत नाही. आणि शाळेच्या निकालाचा अर्थ लावताना नेमकी हीच गोष्ट दृष्टीआड केली जाते.

त्या काळच्या शिक्षणाची रचना प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. मराठी चौथी उतरल्यावर विद्यार्थ्यापुढे दोन वाटा असत. ज्याला फी परवडे आणि ज्याच्या घरी इंग्रजीचे महत्त्व पटलेले असे, तो इंग्रजी पहिलीत जाई व पुढे मॅट्रिकची आशा धरी. उरलेल्यांपैकी थोडे मराठी पाचवी ते सातवी हा टप्पा गाठून व्हर्नाक्युलर फायनलला बसत आणि मास्तरकी किंवा तलाठ्याची जागा पदरात पाडून घेत. म्हणजे ज्याला मधली शाळा म्हणावे ती वस्तुतः एक नव्हतीच. एकाच वयाची मुले दोन निराळ्या शाळांत, दोन निराळ्या भवितव्यांसाठी बसलेली होती. या दोहोंच्या निकालांची तुलना करणे म्हणजे निवडलेल्या धान्याची न निवडलेल्याशी तुलना करण्यासारखे आहे.

निकालावरून शाळेची किंमत ठरविण्याची प्रथा मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात रूढ झाली. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी 1862 साली अमलात आणलेल्या पद्धतीचाच हा अवतार होय. खाजगी शाळांचे अनुदान परीक्षेत उतरणाऱ्या मुलांच्या संख्येवर अवलंबून राहू लागल्यावर कच्च्या मुलाला परीक्षेपासून दूर ठेवण्यातच शाळेचे हित आहे, हा हिशेब कोणत्याही चालकाला उमजण्यासारखा होता. 19 ऑक्टोबर 1882 रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी या पद्धतीवर स्पष्ट हरकत घेतली. ज्या गरीब व अज्ञ लोकांत विद्येची गोडीच अद्यापि उत्पन्न झालेली नाही, त्यांच्यात शिक्षणाचा प्रसार करण्यास ही पद्धत मुळीच उपयोगी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. रयतेकडून घेतल्या जाणाऱ्या पैशाचा लाभ रयतेच्या मुलांना मिळत नाही, ही त्यांची दुसरी तक्रार होती. जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेतला जाई, व त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी असे. साष्टीतील भात पिकवणारा आगरी कुणबी तो आणा भरीत होता. त्याचा मुलगा मात्र पटावर आला तरी आवणीच्या दिवसांत शाळेत दिसणे कठीणच होते.

पट आणि निकाल यांतील अंतर आकड्यांनी मांडण्याचे काम पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले. 12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणावरील अनुदानाच्या चर्चेत त्यांनी सरकारी अहवालांच्याच आधारे दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या 100 मुलांपैकी केवळ 18 चौथीपर्यंत पोहोचतात; उरलेली 82 पुन्हा निरक्षरांत जमा होतात. समाजवार चित्र याहून बोलके होते. दर हजार लोकसंख्येमागे प्राथमिक शाळेत जाणाऱ्यांची संख्या पुढारलेल्या हिंदूंत 119, मुसलमानांत 92, मध्यम वर्गात 38 आणि मागासलेल्या वर्गात 18 होती. माध्यमिक टप्प्यावर दर लाखामागे हेच आकडे अनुक्रमे 3,000, 500, 140 आणि 14 असे होतात. प्राथमिक पायरीवर पहिल्या व शेवटच्या वर्गातील अंतर सुमारे साडेसहापट होते. माध्यमिक पायरीवर ते दोनशेपटींहून अधिक झाले. हे अंतर रुंदावले ते या दोन पायऱ्यांच्या मध्ये, म्हणजे प्रस्तुत विषय असलेल्या मधल्या इयत्तांच्या आसपास. परीक्षेच्या निकालपत्रावर त्याची नोंद होत नाही, कारण नापास होण्यासाठीसुद्धा परीक्षेपर्यंत पोहोचावे लागते.

1929 च्या हारटॉग समितीने या प्रकाराला गळती व कुंठितता अशी नावे दिली. कोठारी आयोगाने (1964-66), ज्याचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे होते, त्यांचा पुन्हा सविस्तर विचार केला. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा 1947 साली संमत झाला होता. परंतु कायद्याने दार उघडले तरी उंबरठा राहतोच. तो ओलांडून मुलांकडे शाळा नेण्याचा प्रयत्न त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे व पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे काम केले. गुरे राखणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणावरच शाळा भरविण्याची कल्पना त्यांतूनच निघाली. वार्षिक परीक्षेच्या मापाने ही शाळा मोजली असती तर तिचे गुण फारसे भरले नसते, हे उघड आहे.

टेंभी नाक्याभोवतीचे ठाणे 1962 नंतर झपाट्याने पालटले. वागळे औद्योगिक वसाहतीने कामगारांची कुटुंबे आणली. 2011 च्या जनगणनेत महापालिका हद्दीतील लोकसंख्या 18,41,488 झाली. त्याचबरोबर ऐपतदार मध्यमवर्ग आपली मुले इंग्रजी माध्यमाच्या खाजगी शाळांत घालू लागला. सार्वजनिक मराठी शाळेच्या बाकावर मजुराचे, घरकाम करणाऱ्या बाईचे, नव्याने शहरात आलेल्या कुटुंबाचे मूल अधिकाधिक दिसू लागले. शंभर वर्षांपूर्वी ज्या मुलाला गाळले जात होते, तेच आता पटावर आले. अशा वेळी शाळेचा निकाल पूर्वीच्या तुलनेत खाली दिसला तर ‘दर्जा घसरला’ हा निष्कर्ष घाईचा ठरतो. पूर्वीचा दर्जा अंशतः गाळणीचाच गुण होता. याचा अर्थ अध्यापनातील उणिवा झाकाव्यात असा नव्हे. सातवीत बसलेल्या मुलाला दुसरीचा परिच्छेद वाचता येत नसेल, तर त्याच्या पटावर असण्याचे समाधान फार काळ टिकत नाही.

1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास मनाई केली होती. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी व आठवीत परीक्षा घेण्याची मुभा दिली, आणि महाराष्ट्राने 2023 साली ती स्वीकारली. अनुत्तीर्ण मुलाला पूरक मार्गदर्शन व पुनर्परीक्षेची संधी देण्याची तरतूद आहे. त्यानंतरही न उतरल्यास त्याला त्याच वर्गात ठेवता येते. तेव्हा मधल्या शाळेच्या दोन्ही टोकांना पुन्हा एकदा परीक्षा उभी आहे. तिचे निकाल शाळाशाळांतून मांडले जातील तेव्हा त्यांच्या शेजारी पाचवीत किती मुले आली, ती कोणत्या घरांतून आली आणि आठवीपर्यंत त्यांतली किती उरली, हे रकानेही भरले जावयास हवेत.