पाळण्याचा भार कोणी वाहिला?



स्मरणिकेच्या पृष्ठांवर आपण बहुधा पूर्वजांची स्थलांतरे, कुलदैवते आणि थोर पुरुषांची चरित्रे वाचतो. यंदा आम्ही एका साध्या विषयाचा इतिहास आपल्यासमोर ठेवीत आहोत. आज आपल्या कित्येक कुटुंबांत पती व पत्नी दोघेही नोकरीनिमित्त घराबाहेर असतात आणि तान्हे मूल कोणाच्या स्वाधीन करावे, त्यासाठी लागणारा पैसा कोठून आणावा, ही चिंता त्यांना ग्रासून असते. हा प्रश्न आधुनिक राहणीने निर्माण केला, असे आपल्यातील वडीलधारी मंडळी म्हणतात. इतिहास मात्र निराळे सांगतो. मुलाच्या संगोपनाचे मोल प्रत्येक काळात कोणी तरी चुकते केलेच आहे. कोणी केले, एवढाच काय तो फरक.

1854 साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. त्यानंतर कोकणातून आणि घाटावरून आलेली सहस्रावधी कुटुंबे गिरणगावात वसली. स्त्रियाही प्रामुख्याने वाइंडिंग व रिलिंग खात्यांत काम करू लागल्या. गावी मूल सांभाळण्यास आजी, आत्या, शेजारीण असे. चाळीतील एका खोलीच्या बिऱ्हाडात ते कोणीच नव्हते. मग त्या मातांनी जो मार्ग पत्करला, तो आज वाचताना अंगावर काटा येतो. कामावर जाण्यापूर्वी त्या बालकास अफूयुक्त ‘बाळगोळी’ देत, म्हणजे ते दिवसभर निपचित पडून राही. 1922 साली डॉ. बार्न्स या स्त्री-वैद्यांनी मुंबईच्या कामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा ही प्रथा जवळजवळ सार्वत्रिक असल्याचे आढळले. त्या माता निर्दय नव्हत्या. मजुरी बुडाली तर चूल पेटणार नाही, हे त्या जाणत होत्या. त्या काळी संगोपनाचे मोल खुद्द बालकाने आपल्या प्रकृतीने, प्रसंगी प्राणाने, चुकते केले.

हा भार न्याय्य रीतीने कोणी उचलावा, याची चर्चा मुंबईच्या कायदेमंडळात 1928 साली प्रसूतिविषयक विधेयकाच्या निमित्ताने झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विधेयकास पाठिंबा देताना मार्मिक भूमिका मांडली. मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे असल्याने या खर्चाचा मोठा वाटा सरकारने सोसावा. तथापि स्त्रियांच्या श्रमावर मालकही लाभ मिळवितो, म्हणून त्यासही सर्वस्वी मोकळे सोडता येणार नाही, असा तिचा आशय होता. 1929 साली कायदा संमत झाला, परंतु भार मालकाच्याच माथी राहिला.

पाळणाघरांच्या बाबतीतही हेच घडले. 1934 च्या कारखाने कायद्याने, जेथे पन्नासांहून अधिक स्त्रिया काम करतात तेथे सहा वर्षांखालील मुलांसाठी स्वतंत्र खोली राखण्यास भाग पाडण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला. स्वातंत्र्यानंतर 1948 च्या कायद्याने ती सर्वत्र सक्तीची केली. खोली हवेशीर व उजेडाची असावी, स्वच्छ राखलेली असावी आणि बालसंगोपनाचे शिक्षण घेतलेल्या स्त्रीच्या देखरेखीखाली असावी, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. 1976 साली पन्नासांची मर्यादा तीसांवर आणण्यात आली.

हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु मोजणी स्त्रियांची ठेवल्याने एक विपरीत गोष्ट झाली. मूल जणू एकट्या मातेचेच, असे कायद्याने गृहीत धरले. एक स्त्री अधिक नेमली तर पाळणाघराचा खर्च अंगावर येणार, असे दिसताच हिशेबी मालकास ती न नेमण्याचा मोह पडला तर नवल कसले? 1930 च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे साधारण एक स्त्री होती. पुढील दशकांत हे प्रमाण सतत घटत गेले. यंत्रांतील सुधारणा आणि रात्रपाळीची बंदी ही त्याची मोठी कारणे होत; तथापि स्त्री-कामगार ‘महाग’ पडते, ही भावनाही त्यांत होतीच.

याहून निराळी वाट दाखविणारी उदाहरणेही आपल्याच देशात आहेत. ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे केंद्र उघडले आणि अनुताई वाघ यांच्या साहाय्याने बालवाडी गरिबांच्या अंगणापर्यंत नेली. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून ‘अंगणवाडी’ हे नाव देशभर गेले. मात्र अंगणवाडीचे तास थोडे, कामकरी मातेचे पुष्कळ. ही उणीव ओळखून मीरा महादेवन यांनी 1969 साली दिल्लीत, राजघाटावरील बांधकामाच्या जागी, मजुरांच्या मुलांसाठी पाळणाघर उघडले. 2005 च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात तर, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले आली असता एका स्त्रीस त्यांच्या देखरेखीसाठी नेमून तिलाही मजुरी द्यावी, अशी तरतूद होती. मूल सांभाळणे हेही श्रमच, हे तेथे कायद्याने मान्य केले. आपल्या घरातील आजीचे आणि मावशीचे श्रम आपण अद्यापही तसे मानीत नाही!

2006 साली केंद्र सरकारने पाळणाघर योजना हाती घेतली. 2017 च्या तिच्या सुधारित स्वरूपात एका पाळणाघरात 25 मुले, दिवसाचे साडेसात तास आणि महिन्याचे 26 दिवस, असे मान होते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास मुलामागे मासिक वीस रुपये, बारा हजारांपर्यंत मासिक मिळकत असणाऱ्यांस शंभर, त्यावरील मिळकतीस दोनशे, असे शुल्क ठरले होते. 2022 पासून ही योजना ‘पाळणा’ या नावाने चालू झाली. 2017 च्याच प्रसूतिलाभ कायद्यातील दुरुस्तीने एक मोठी चूक सुधारली. पाळणाघरासाठी मोजणी स्त्रियांची न राहता पन्नास कर्मचाऱ्यांची झाली, मग ते स्त्री असोत वा पुरुष. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच तत्त्व स्वीकारले. मूल पित्याचेही आहे, हे कायद्यास उमगण्यास इतकी दशके लागली. लहान दुकाने, कार्यशाळा आणि घरकाम यांत राबणाऱ्यांस मात्र या तरतुदीचा उपयोग नाही.

आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले. हजेरीपत्रकात ज्या नावांपुढे वारंवार गैरहजेरीची खूण पडे, त्यांत थोरल्या मुलींची नावे अधिक असत. कारण विचारले असता उत्तर एकच येई: ‘गुरुजी, धाकट्याला सांभाळायला घरी कोणी नव्हते.’ अफूची गोळी गेली; पण पाळण्याचे मोल त्या मुलींनी आपल्या शिक्षणाने चुकते केले. आजही कित्येक घरांत ते सुशिक्षित सून आपली नोकरी सोडून चुकते करते.

ज्ञातिबांधवांनो, पूर्वी ज्ञातिसंस्थांनी वसतिगृहे काढली, शिष्यवृत्त्या दिल्या. कारण एकट्या कुटुंबास न पेलणारा भार दहा हातांनी उचलता येतो, हे आपल्या वडिलांनी ओळखले होते. लग्नसराई वगळता समाजमंदिरे दिवसा बहुधा बंदच असतात. तेथे एखादे पाळणाघर चालवावे, त्यातील सेविकेस उचित वेतन द्यावे, आणि शुल्क मिळकतीच्या मानाने ठेवावे. तसेच ज्यांच्या नोकरीच्या जागी कायद्याने पाळणाघर मिळावयास हवे, त्या पुरुषांनीही ते मागावे, अशी आमची नम्र सूचना आहे. ज्या समाजाने शिक्षणाची ज्योत घरोघर पोहोचविली, त्यास पाळण्याची दोरी धरणे अवघड वाटू नये. अस्तु.