मिठाच्या गावचा पब

इंग्लंडच्या आग्नेय टोकाला केंट नावाचा परगणा आहे. तिथल्या उत्तर किनाऱ्यावर व्हिटस्टेबल हे कालवांसाठी नावाजलेलं छोटं बंदर. व्हिटस्टेबलहून किनाऱ्याच्या कडेनं पश्चिमेला निघालं की चारेक मैलांवर सीसॉल्टर लागतं. ‘लागतं’ म्हणायचं एवढंच, कारण गावाची वेस कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही. सुट्टीत येणाऱ्यांच्या कॅरव्हॅनच्या रांगा संपतात आणि रस्त्याच्या एका अंगाला मोकळं खाजण पसरतं. त्यात मेंढ्या चरत असतात. दुसऱ्या अंगाला समुद्र अडवणारा बांध. आणि या दोहोंच्या मध्ये, आजूबाजूला दुसरं काही नसताना, एक साधी फिकट रंगाची इमारत उभी आहे. ‘द स्पोर्ट्समन’. गावाकडचा पब.

२०१४ च्या मे महिन्यात मी तिथे जेवायला गेलो होतो. लेक नोकरीनिमित्त लंडनला असते, तिनं महिनाभर आधी टेबल राखून ठेवलं होतं. पबात जेवायला महिनाभर आधी नाव कशाला घालावं लागतं, हे मला कळेना. पब म्हणजे माझ्या कल्पनेत गुत्त्याची सुधारलेली आवृत्ती. आत शिरल्यावरही ती कल्पना फारशी बदलली नाही. लाकडी जमीन, जुनी टेबलं, त्यांवर कापड नाही, भिंतीवर फळा आणि त्यावर खडूनं लिहिलेले पदार्थ. आपणच उठून बारपाशी जायचं, काय हवं ते सांगायचं आणि पुन्हा जागेवर येऊन बसायचं. फळ्यावरचे आकडे बघून मी मनातल्या मनात गुणाकार सुरू केला, तशी लेक म्हणाली, “बाबा, रुपयांत मोजू नका. जेवण जाणार नाही.”

मी मुकाट्यानं मोजणं थांबवलं. पण आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवल्यामुळे दुसरी एक सवय सुटत नाही. ताटात आलेली वस्तू इथवर आली कशी, हे विचारायची.

सीसॉल्टर या नावातच समुद्र आणि मीठ आहेत. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ समुद्राकाठचं मिठाचं घर. विल्यम द काँकररनं इंग्लंड जिंकल्यावर देशाची पाहणी करवली आणि १०८६ साली तिची नोंदवही तयार झाली, ती ‘डूम्सडे बुक’. आपल्याकडच्या जमाबंदीच्या दप्तरासारखंच ते प्रकरण. कोणती जमीन कोणाची, उत्पन्न काय, मासेमारीच्या जागा किती, सारं त्यात आहे. सीसॉल्टरबद्दल त्यात अशी नोंद आहे की हे गाव आर्चबिशपच्या मुदपाकखान्याकडे आहे. कँटरबरीचं मोठं कॅथीड्रल इथून पाच-सहा मैलांवर. म्हणजे इथले मासे आणि इथला सगळा माल धर्मपीठाच्या स्वयंपाकघरासाठी. मंदिराला गाव इनाम दिलेलं आपण ऐकतो. इथे गाव थेट चुलीला इनाम.

या नोंदीकडे नऊशे वर्षांनी एका स्वयंपाक्याचं लक्ष गेलं. स्टीफन हॅरिस त्याचं नाव. हा गृहस्थही कधीकाळी इतिहासाचा शिक्षक होता, हे कळल्यावर मला उगाच आपलेपणा वाटला. त्याआधी तो पंक बँडमध्ये गिटार वाजवायचा, पुढे लंडनच्या सिटीत आर्थिक सल्लागार होता. स्वयंपाकाचं रीतसर शिक्षण नाही. लंडनच्या नामांकित रेस्टॉरंटांत पदरमोड करून जेवायचं आणि घरी येऊन तो पदार्थ करून बघायचा, हीच त्याची शाळा. १९९९ साली त्यानं आणि त्याच्या भावानं हा मोडकळीला आलेला पब चालवायला घेतला. इमारत जवळच्या फॅव्हरशॅम गावच्या शेपर्ड नीम या जुन्या बिअर कारखान्याच्या मालकीची. (जाता जाता सांगतो, ब्रिटनमधल्या भारतीय हॉटेलांत मिळणारी आपली किंगफिशर बिअर बरीच वर्षं याच कारखान्यात बनत होती.) हॅरिसनं ठरवलं की जे या खाजणात, या समुद्रात आणि आसपासच्या शेतांत मिळतं तेच शिजवायचं. लोणी घरी घुसळायचं, हॅम घरी मुरवायचं. आणि मीठही घरचंच. बादलीभर समुद्राचं पाणी आणायचं आणि उकळायचं.

आमच्यापुढे पहिल्यांदा पाव आला आणि त्याबरोबर ते लोणी. मग कालवं. मी मूळचा कोकणातला. ओहोटीला खडकावर बसून बायका कोयतीनं कालवं फोडतात, ती वाटीनं विकत घेतात आणि त्यांचं कालवण करतात, एवढं मला माहीत. बर्फावर मांडलेलं कच्चं कालव शिंपीसकट उचलून तोंडात सोडायचं, हे अंगवळणी पडायला दुसरं कालव लागलं. तिसऱ्याला मजा आली.

पण हे कालव इथलं मूळचं नव्हे. केंटचं देशी कालव चपटं, गोलसर. ते रोमन लोकांनाही ठाऊक होतं. ज्युव्हेनल या रोमन कवीनं या किनाऱ्याच्या कालवांचा उल्लेख केला आहे. व्हिटस्टेबलच्या कालववाल्यांनी १७९३ साली पार्लमेंटकडून कायदा करून घेऊन आपली कंपनी स्थापली. एकोणिसाव्या शतकात हा माल होडीनं लंडनला जाई आणि तिथे तो गोरगरिबांचं खाणं होता. मटणाच्या पायमध्ये मांस परवडेना म्हणून कालवं भरत. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सॅम वेलर गरिबी आणि कालवं यांची जोडी लावतो ती यामुळेच. नंतर उपसा फार झाला, रोग आला, १९६२-६३ च्या हिवाळ्यात समुद्र गोठेपर्यंत थंडी पडली आणि देशी कालव दुर्मीळ झालं. त्याची जागा १९६० च्या दशकापासून पॅसिफिक महासागरातल्या जातीनं घेतली. देशी कालवं मे ते ऑगस्ट खात नाहीत, तो त्यांच्या विणीचा काळ. आम्ही गेलो मे महिन्यात, त्यामुळे आमच्या ताटात हा परदेशी पाहुणाच होता. गरिबाचं खाणं महाग झालं आणि बाहेरचं खाणं स्थानिक म्हणून रुळलं, या दोन्ही गोष्टी एकाच शिंपीत.

मग आला मासा. आपल्या लेप्याच्या जातीचा, तळहाताहून थोडा मोठा, अख्खा. समुद्रशैवाल कालवलेलं लोणी लावून भाजलेला. बस्स, दुसरं काही नाही. ना भाजी, ना सजावट. काट्यावरून मांस अलगद सुटत होतं. हा इथला सर्वांत गाजलेला पदार्थ आहे आणि तो का गाजला ते सांगायला मला शब्द सापडत नाहीत. आमच्या आईनं तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर परतलेला लेपा मी त्याच्या शेजारी ठेवीन, खाली नाही.

पबात असं जेवण मिळणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे, हे मात्र ध्यानात घेतलं पाहिजे. पब म्हणजे पब्लिक हाऊस. लोकांसाठी उघडं असलेलं घर. तिथे लोक जायचे ते पिण्यासाठी आणि बोलण्यासाठी. खायला काय, तर बटाट्याचे काप, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं अंडं, फार तर पाव आणि चीज. या पाव-चीज-लोणच्याला ‘प्लाउमन्स लंच’, म्हणजे नांगरकऱ्याची न्याहारी म्हणतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, केवढी पुरातन ग्रामीण परंपरा! पाव-चीज जुनंच आहे. नाव मात्र १९५० आणि ६० च्या दशकांत चीज आणि दूधवाल्यांच्या संस्थांनी जाहिरातीसाठी रूढ केलं. युद्धानंतरचं रेशनिंग उठलं होतं, चीज खपवायचं होतं. त्यात पहिल्या महायुद्धात दारूखाने दुपारी बंद ठेवायचा नियम झाला, तो इंग्लंडमध्ये थेट १९८८ पर्यंत टिकला. दुपारी निवांत जेवत बसायची सोयच नव्हती. १९९१ साली लंडनच्या फॅरिंग्डन भागात ‘द ईगल’ नावाच्या पबात दोघा मित्रांनी चांगला स्वयंपाक सुरू केला आणि तिथून ‘गॅस्ट्रोपब’ हा शब्द निघाला. सीसॉल्टरचा पब ही त्याच वाटेवरची पुढची पायरी. २००८ मध्ये त्याला मिशेलिनचा तारा मिळाला, २०१६ मध्ये ब्रिटनमधलं सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून त्याची निवड झाली.

पण या पबाच्या इतिहासातलं मला सर्वांत आवडलेलं पान खाण्याचं नाही, पिण्याचं आहे. २७ सप्टेंबर १९४०. ब्रिटनवरच्या हवाई लढाईचे दिवस. एक जर्मन युंकर्स बॉम्बर मार खाऊन इथल्या ग्रेव्हनी खाजणात उतरलं. तेव्हा लंडन आयरिश रायफल्सचे सैनिक या स्पोर्ट्समन पबातच मुक्कामाला होते. ते विमानातल्या चौघांना पकडायला निघाले, तर पलीकडून मशीनगन सुरू झाली. चरातून सरपटत जाऊन, गोळीबार करून सैनिकांनी त्यांना शरण यायला लावलं. एका जर्मनाच्या पायाला गोळी लागली, मेलं कोणीच नाही. विमानात सुरुंग लावलेला आहे हे कळल्यावर एका कॅप्टननं तो वेळीच काढून फेकला. ब्रिटनच्या मुख्य भूमीवर परकीय सैन्याशी झालेली ही शेवटची चकमक मानतात. आणि मग कैद्यांना नेलं कुठे? पबात. तिथे त्यांना बिअर पाजली, पकडणारे आणि पकडलेले एकत्र बसले, आठवण म्हणून वस्तूंची देवाणघेवाण झाली. २०१० मध्ये या घटनेची पाटी पबाच्या भिंतीवर लावली गेली.

पुढे १९५३ साली, ३१ जानेवारीच्या रात्री उत्तर समुद्र खवळून आत शिरला. इंग्लंडमध्ये ३०७ माणसं गेली. सीसॉल्टर आणि व्हिटस्टेबल पाण्याखाली होती. मुख्य रेल्वेमार्ग तुटला म्हणून व्हिटस्टेबल ते कँटरबरी ही १८३० सालची, आदल्याच वर्षी बंद केलेली जुनी लाइन काही आठवडे पुन्हा चालवावी लागली. पबाच्या पाठीमागचा तो बांध पाहताना हे आठवावं लागतं. बांध नसेल तर खाजण नाही, खाजण नाही तर मेंढ्या नाहीत. आमच्या ताटातलं कोकराचं मांस त्याच मोकळ्या कुरणांकडून आलेलं होतं. चरबी पातळ, चव गोडसर.

एक गोष्ट मात्र मला घासागणिक खुपत होती. खोलीभर नजर टाकली, तर बहुतेक मंडळी आमच्यासारखीच लांबून आलेली. मोटारींतून, काही टॅक्सीनं. कोपऱ्यात बारपाशी एक म्हातारा चिखलाचे बूट घालून बिअर पीत उभा होता, पायाशी कुत्रा. तो जेवला नाही. पब्लिक हाऊसमधलं पब्लिक कोण, हा प्रश्न मी लेकीला विचारला. ती म्हणाली, “बाबा, हे झालं नसतं तर पब बंद पडला असता. मग तो म्हातारा कुठे उभा राहिला असता?” तिचं म्हणणं खोटं नाही. २००० साली ब्रिटनमध्ये साठ हजारांवर पब होते, वीस वर्षांत ते सत्तेचाळीस हजारांच्या आसपास आले. दुकानातली स्वस्त बिअर, महागलेली भाडी, २००७ ची धूम्रपानबंदी, अशी कारणं सांगतात. खेड्यातला पब गेला की खेड्याला बसायला जागा उरत नाही. तरीही, आर्चबिशपच्या मुदपाकखान्यासाठी राबणारं गाव नऊशे वर्षांनी लंडनकरांच्या मुदपाकखान्यासाठी राबतंय, असं मला वाटलं आणि ते मी बोलून दाखवलं. लेकीनं बिल दिलं होतं, त्यामुळे मी जास्त ताणलं नाही.

जेवणानंतर आम्ही बांधावर चढलो. ओहोटी होती. गोटे, चिखल, लाकडी खांबांच्या रांगा आणि पलीकडे शेपी बेटाची पुसट रेघ. मला मिठाचंच डोक्यात घोळत होतं. इंग्लंडमधला मिठावरचा कर १८२५ साली रद्द झाला. हिंदुस्थानात तो १९४७ पर्यंत होता आणि मधल्या काळात चेशायरचं मीठ जहाजानं बंगालला येऊन विकलं जात होतं. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, त्यात आमचे आजोबा होते. पाठीवर लाठी खाऊन, पंच्याच्या टोकात मूठभर मीठ बांधून ते घरी आले, ही गोष्ट आमच्या घरात दर दिवाळीला सांगितली जाई. समुद्राचं पाणी घरच्या चुलीवर उकळणं तेव्हा गुन्हा होता. आणि इथे एक पबवाला बादली घेऊन बांध उतरतो, पाणी आणतो, उकळतो, आणि त्याचं जगभर कौतुक होतं. हॅरिसबद्दल माझी काही तक्रार नाही. त्याच्या लेप्याला ते मीठ होतं म्हणूनच तो तसा लागला.

लेकीकडे पाण्याची रिकामी बाटली होती. मी खाली उतरून ती भरून घेतली. ती हसली, पण अडवलं नाही. लंडनला तिच्या गॅसवर ते पाणी आम्ही आटेपर्यंत उकळलं. लिटरभर पाण्याचे पाच-सहा चमचे मीठ निघालं, मळकट पांढरं. चाखलं तर जिभेवर मागाहून कडवटपणा येत होता. असं सरसकट आटवलं की पाण्यातले मॅग्नेशियमचे क्षार मिठाबरोबर राहतात. आमच्या आजोबांनी पंच्यात बांधून आणलेलं मीठ चवीला कसं होतं, हे त्यांना विचारायचं मात्र राहूनच गेलं.