सोमवारची तालीम

जॅझ म्हटले की आपल्यापैकी पुष्कळांच्या डोळ्यांपुढे मोठे हॉटेल आणि नाचणारी मंडळी येतात. ही समजूत सिनेमाने करून दिली. आज मी तुम्हांला नेणार आहे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात. ही कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथे हेन्री मिंटन या सॅक्सोफोनवादकाने १९३८ साली एक क्लब काढला, मिंटन्स प्लेहाऊस. १९४० मध्ये त्याचा कारभार टेडी हिलकडे आला.

हा हिल आधी वाद्यवृंद चालवी. त्याच्याकडे केनी क्लार्क नावाचा ढोलवाला होता. पायाच्या मोठ्या ढोलावर एकेक मात्रा ठोकायची, हा तेव्हाचा रिवाज. क्लार्कने लय वर झांजेवर नेली आणि ढोल मधेच, भलत्याच जागी वाजवू लागला. नाचाच्या वाद्यवृंदात ते कसं खपावं? हिलने त्याला काढून टाकलं. आणि मौज पाहा, क्लबात वादक नेमायची वेळ आली तेव्हा त्याने बोलावलं ते याच क्लार्कला! पियानोवर थेलोनियस मंक. दोघेही तिशीच्या आतले.

सोमवारी रात्री हिल जवळच्या अपोलो थिएटरातल्या कलावंतांना फुकट जेवू घाली. जेवण झालं की वाद्यं निघत. पैसे न घेता वाजवलं तर वादकांची संघटना दंड करी. पण मिंटन त्याच संघटनेचा पहिला कृष्णवर्णीय प्रतिनिधी होता, त्यामुळे इथे कुणी आड येत नसे. गावच्या तालमीसारखंच होतं म्हणा ना. कुणीही उतरावं, पण मंक आणि ट्रंपेटवाला डिझी गिलेस्पी ओळखीच्या चालीखालची स्वरसंगती मुद्दाम अवघड करीत. कच्चा गडी आपोआप बाजूला होई. पुढे ज्याला 'बीबॉप' म्हणू लागले, ते संगीत इथे घडत होतं.

चार्ली ख्रिश्चनचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं. जन्म १९१६ चा. विजेवर चालणारी गिटार वाजवी. १९३९ पासून तो बेनी गुडमनसारख्या नामवंताकडे नोकरीला होता. पण तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. तीत एकट्याची पाळी येई ती काही सेकंदांची. काम आटोपून तो मिंटन्सला येई आणि आवर्तनामागून आवर्तन वाजवीत राही.

मे १९४१ मध्ये जेरी न्यूमन हा कोलंबिया विद्यापीठाचा विद्यार्थी तबकड्या कोरण्याचे यंत्र घेऊन तिथे गेला. त्याने हौसेखातर टिपलेलं ख्रिश्चनचं मोकळं वादन आज ऐकायला मिळतं. मार्च १९४२ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, क्षयाने तो गेला. त्याच ऑगस्टपासून संघटनेने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार घातला, तो १९४४ पर्यंत टिकला. तबकड्यांच्या कंपन्या या नव्या संगीताकडे वळेपर्यंत ख्रिश्चन नव्हताच.

न्यूमनच्या तबकड्यांतली एक चीज पुढे 'स्विंग टू बॉप' या नावाने निघाली. चाल मुळात 'टॉप्सी' नावाची. हे नवं नाव प्रकाशकांनी मागून दिलेलं. वाजवणाऱ्यांना त्या रात्री ते ठाऊकच नव्हतं.