मेंढीच्या डोक्यातली पिशवी आणि कुत्र्याच्या पोटातला जंत



तीन वर्षांमागं आमचं एक मेंढरू मान वाकडी करून जागेवरच गोल-गोल फिरायला लागलं. चारा सोडला, कुडाला धडकायला लागलं. कोणी म्हणालं बाहेरची बाधा, कोणी म्हणालं ऊन लागलं. शेवटी मेलं. मुंडी फोडून मोत्याला, म्हणजे आमच्या कुत्र्याला टाकली. मेंदूत लिंबाएवढी पाण्याची पिशवी होती, आतून पांढरे ठिपके. मी काही मनावर घेतलं नाही. पुढच्या साली दोन कोकरं तशीच गेली. तेव्हा जनावरांच्या डॉक्टरांनी एकच विचारलं, "मागच्या मेंढीची मुंडी काय केली?"

त्या प्रश्नामागचा इतिहास मी नंतर वाचला, तो सांगतो.

दोनशे वर्षांपूर्वी युरोपातही मेंढपाळ याच रोगानं हैराण होते. मेंदूतली पिशवी आपोआप तयार होते असं बरेच जण मानत. काही विद्वान म्हणत, हा वाट चुकलेला, पाणी भरून बिघडलेला जंत आहे. जर्मनीत सॅक्सनी प्रांतातल्या त्सिटाऊ गावच्या फ्रीडरिश कुखेनमाइस्टर या डॉक्टरला ते पटेना. 1851 साली त्यानं सशाच्या पोटातल्या अशाच पिशव्या कुत्र्यांना खाऊ घातल्या, तर कुत्र्यांच्या आतड्यात पट्टकृमी, म्हणजे फितीसारखे जंत सापडले. पुढं 1853 च्या सुमारास त्यानं मेंढीच्या मेंदूतली पिशवी कुत्र्याला दिली आणि त्या कुत्र्यात वाढलेल्या जंताचे तुकडे मेंढ्यांना चारले. मेंढ्या गरगरल्या. पिशवी आणि फीत, दोन्ही एकाच जंताची रूपं. त्या पिशवीतला एकेक पांढरा ठिपका म्हणजे होणाऱ्या जंताचं एकेक डोकं.

1855 साली तर त्यानं फाशीच्या कैद्याला न सांगता डुकराच्या मांसातल्या पिशव्या जेवणातून दिल्या आणि नंतर प्रेतात लहान पट्टकृमी दाखवले. शोध खरा निघाला, पण माणसाला असं फसवणं मला तरी पटत नाही.

आता जंताची शरीररचना बघा. त्याला तोंड नाही, आतडं नाही. कुत्र्याच्या आतड्यात पचलेलं अन्न तो अंगानंच शोषतो. मानेमागून पेरापेरानं वाढतो आणि प्रत्येक पेर म्हणजे बी धरण्याचा स्वतंत्र कारखाना. पेराच्या मागच्या अंगाला अंडाशय, त्याच्यामागं पीतक ग्रंथी. ही अंड्याला शिदोरी पुरवते. दोन्हींच्या मध्ये मेलिस ग्रंथी, एका जर्मन डॉक्टरच्या नावाची. अंड्याचं कवच हीच बनवते असं पूर्वी समजत. ते पुरतं खरं नाही असं पुढं दिसलं. पेर पिकलं की या ग्रंथी जिरून जातात, उरते ती अंड्यांनी गच्च भरलेली पिशवी. आपल्या पिकात दाणा भरताना पान वाळतं, तसंच.

हे पेर तुटून विष्ठेतून गवतावर पडतं. मेंढी चरताना अंडी पोटात जातात. आतलं पिल्लू डोळ्याला दिसणारही नाही एवढं, पण त्याला सहा आकडे असतात आणि भेदक ग्रंथी असतात. त्या ग्रंथींचा पाझर आणि आकडे यांच्या जोरावर ते आतड्याची भिंत पार करतं, रक्तातून मेंदूत पोचतं आणि तिथं काही महिन्यांत पिशवी धरतं.

म्हणजे माझी दोन कोकरं बाधेनं गेली नाहीत. मुंडी मीच टाकली, मोत्यानं ती खाल्ली आणि त्याची विष्ठा माझ्याच बांधावर पडली. साखळी मी माझ्या हातानं जोडली.

तेव्हापासून आमचा नेम असा: मेलेल्या मेंढराची मुंडी कुत्र्याला द्यायची नाही. खोल पुरायची किंवा जाळायची. मेंढरांना जंताचं औषध देतो तसं कुत्र्यालाही, पट्टकृमीवर चालणारं, डॉक्टरांनी वजन बघून सांगितलेलं. औषधानंतरची विष्ठा उचलून पुरायची. कुत्र्याला हात लावला की साबणानं धुवायचा, पोरांनी तर नक्कीच.

पावणेदोनशे वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट माझ्या वस्तीवर पोचायला तीन जनावरं गेली. तुमची जाऊ नयेत म्हणून लिहिलं. शेजारी मेंढरं असतील त्यांना वाचून दाखवा.