ख्रिस्ती कागदपत्रांतील शाखाभेद : कांहीं ओळखीच्या खुणा

जुन्या दप्तरांत ख्रिस्ती धर्मासंबंधींचा एखादा कागद निघाला म्हणजे त्यावर ‘ख्रिस्ती’ एवढीच चिठी लावून तो बाजूस ठेवण्याचा प्रघात आपणांकडे पडला आहे. मध्यंतरीं आमच्या एका संग्राहक स्नेह्यांनीं अशाच एका गठ्ठ्यांतील सुटें पान आम्हांस दाखविलें. त्यावर दहा आज्ञांचा मराठी तर्जुमा होता. साल नाहीं, गांव नाहीं, लेखकूचें नांव नाहीं. व्यभिचाराचा निषेध करणारी आज्ञा त्यांत सहावी होती. स्नेह्यांच्या संग्रहीं असलेल्या छापील मराठी पुस्तकांत तीच आज्ञा सातवी असल्यामुळें त्यांनीं ही लेखकूची चूक ठरविली व समासांत पेन्सिलीनें ‘७’ हा आंकडा घातला. वस्तुतः चूक लेखकूची नव्हती. काण्व शाखेची पोथी हातीं घेऊन तींतील पाठ माध्यंदिनांच्या पाठावरून ‘शुद्ध’ करावा, तशांतलाच हा प्रकार झाला. त्या सहाव्या आंकड्यांतच पानाचें कुळ सांगितलेलें होतें. अशा खुणा एकत्र करून संग्राहकांपुढें ठेवाव्या, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ख्रिस्ती धर्माच्या मुख्य शाखा तीन : रोमन कॅथलिक, ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट. इ. स. ४५१ सालीं काल्सिडोन येथील धर्मपरिषदेनें ख्रिस्ताच्या ठिकाणीं दैवी व मानवी अशीं दोन स्वरूपें असल्याचा निर्णय दिला. तो न पटल्यामुळें मिसर, आर्मेनिया व सीरिया येथील मंडळ्या वेगळ्या झाल्या. यांसही ऑर्थोडॉक्स म्हणतात. ग्रीक व रशियन ऑर्थोडॉक्सांशीं यांची गल्लत करूं नये. रोम व कॉन्स्टँटिनोपल यांची फारकत १०५४ सालच्या परस्पर बहिष्कारापासून मोजण्याची रीत आहे. ते बहिष्कार ७ डिसेंबर १९६५ रोजीं उभयपक्षीं मागें घेण्यांत आले, तरी फुटलेला संबंध पूर्ववत् जुळला नाहीं. जर्मनींत १५१७ सालीं मार्टिन ल्यूथरनें उपस्थित केलेल्या वादांतून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. त्यांस रोमनें दिलेलें उत्तर म्हणजे १५४५ पासून १५६३ पर्यंत चाललेली ट्रेंटची परिषद होय.

या सर्व कलहाचें मूळ, आपल्या परिभाषेंत सांगावयाचें तर, प्रमाणविचारांत आहे. कॅथलिकांस पवित्र ग्रंथ व परंपरा हीं दोन्ही प्रमाण असून त्यांचा अधिकृत अर्थ लावण्याचा अधिकार पोप व त्याच्याशीं संलग्न असलेले बिशप यांजकडे आहे. ऑर्थोडॉक्सांस परंपरा तितकीच पूज्य. मात्र तिचा निर्णय परिषदांनीं करावयाचा, कोणाएका बिशपाची सर्वांवर सत्ता त्यांस मान्य नाहीं. प्रॉटेस्टंटांनीं ग्रंथ हेंच अंतिम प्रमाण धरिलें. खालील बहुतेक खुणा या एका भेदांतून निघालेल्या आहेत.

पहिली खूण आज्ञांच्या क्रमाची. कॅथलिक मूर्तिनिषेधाचा भाग पहिल्याच आज्ञेंत धरितात, आणि दहा ही संख्या पुरी करण्यासाठीं लोभाच्या निषेधाच्या दोन आज्ञा करितात. ऑर्थोडॉक्स व बहुसंख्य प्रॉटेस्टंट मूर्तिनिषेधाची दुसरी स्वतंत्र आज्ञा मोजतात. त्यामुळें पुढील सर्व आंकडे एकानें सरकतात. ल्यूथरपंथी तेवढे कॅथलिकांप्रमाणें मोजतात. परंतु महाराष्ट्रांत मराठी पुस्तकें काढणारे अमेरिकन, स्कॉटिश व इंग्लिश मिशनरी ल्यूथरपंथी नव्हते. म्हणून मराठी पानावर व्यभिचारनिषेध सहावा असल्यास तें बहुधा कॅथलिक समजावें.

दुसरी खूण ग्रंथसंख्येची. कॅथलिक बायबलांत ७३ पुस्तकें, प्रॉटेस्टंट बायबलांत ६६. तोबीत, यूदीत, मक्काबी इत्यादि पुस्तकांचे आधार प्रमाण म्हणून दिले असतील तर लेखक प्रॉटेस्टंट नसावा. ऑर्थोडॉक्सांची यादी कॅथलिकांहूनही कांहींशी मोठी आहे. पूर्व व पश्चिम यांचा भेद श्रद्धासूत्रांतील एका शब्दावरून कळतो. पवित्र आत्मा ‘पित्यापासून’ निघतो असें मूळ सूत्र. पश्चिमेनें त्यांत ‘आणि पुत्रापासून’ अशी भर घातली. ही भर प्रॉटेस्टंटांनींही बहुशः कायम ठेविली, म्हणून तिच्यावरून कॅथलिक व प्रॉटेस्टंट यांचा निवाडा होत नाहीं.

तिसरी खूण संत व मृत यांच्याविषयींच्या मजकुराची. मरीयेची व संतांची मध्यस्थी मागणें कॅथलिक व ऑर्थोडॉक्स या दोहोंस संमत आहे, प्रॉटेस्टंटांस नाहीं. मृतांसाठीं प्रार्थना पहिले दोघेही करितात; परंतु मरणोत्तर शुद्धिस्थानाचा सिद्धांत कॅथलिकांचा, ऑर्थोडॉक्सांनीं तो त्या रूपांत स्वीकारिला नाहीं. ७८७ च्या दुसऱ्या नायसिया परिषदेनें प्रतिमापूजेस मान्यता दिली; तथापि ऑर्थोडॉक्स देवळांत प्रायः चित्रेंच असतात, कोरीव मूर्ति कॅथलिकांकडे विशेष.

चौथी खूण संस्कारांची. कॅथलिकांचे संस्कार सात. ऑर्थोडॉक्सही सामान्यतः सातच मोजतात. प्रॉटेस्टंट बहुधा बाप्तिस्मा व प्रभुभोजन हे दोनच मानतात. कॅथलिकांच्या लॅटिन विधींत बेखमीर भाकर, ग्रीकांकडे खमीर घातलेली. १४१५ च्या कॉन्स्टन्स परिषदेपासून लॅटिन चर्चमध्यें सामान्य जनांस पेला मिळत नसे. विसाव्या शतकांतील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर ही बंदी सैल झाली. ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट यांच्याकडे दोन्ही देतात. लॅटिन पाद्री अविवाहित. ऑर्थोडॉक्स पाद्री दीक्षेपूर्वीं विवाह करूं शकतो, पण बिशप ब्रह्मचारी. प्रॉटेस्टंट उपदेशकास बंधन नाहीं. म्हणून पाद्र्याच्या बायकोचा उल्लेख असलेलें पत्र क्षुल्लक समजूं नये.

पांचवी खूण कालगणनेची, आणि ती मराठ्यांच्या इतिहासास प्रत्यक्ष भिडते. पोप तेरावा ग्रेगरी यानें १५८२ सालीं पंचांगशुद्धि केली. ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशीं १५ ऑक्टोबर धरावा अशी आज्ञा झाली. पोर्तुगालनें ती लागलीच पाळली. प्रॉटेस्टंट इंग्लंडनें १७५२ पर्यंत पाळली नाहीं. शिवाय तोंवर इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून जानेवारी-फेब्रुवारींतील इंग्रजी पत्रावर आधींच्या सालाचा आंकडा आढळतो. शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध १३ या दिवशीं श्रीशिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला, तेव्हां कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर हजर होता. त्याच्या गणनेनें त्या दिवशीं ६ जून १६७४ ही तारीख होती. गोव्यांतील पोर्तुगीजांच्या गणनेनें तोच दिवस १६ जूनचा. दिवस एक, तारखा दोन, जशा एकाच पंचांगांत स्मार्त व भागवत अशा दोन एकादश्या असाव्या. इंग्रजी व पोर्तुगीज कागद शेजारीं ठेवतांना हे दहा दिवस विसरणारा संशोधक कार्याआधीं कारण न ठेवतां कारणाआधीं कार्य ठेवून बसेल. मात्र या खुणेस अपवाद आहे : हॉलंड प्रांत प्रॉटेस्टंट असूनही त्यानें नवी गणना लौकरच घेतली, तेव्हां केवळ पंथावरून तारीख ठरवूं नये. रशियन चर्च अद्यापि जुनीच गणना पाळतें, म्हणून त्याचा नाताळ ७ जानेवारीस पडतो.

आतां या तीन शाखांचे आपल्या प्रदेशांतील ठसे पाहूं. फादर थॉमस स्टीफन्स जन्मानें इंग्रज. स्वदेश प्रॉटेस्टंट झालेला असतां तो जेझुइट झाला व १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुवा यानें १६२९ पासून १६३४ पर्यंत संत पीटरवर मराठी पुराण प्रसिद्ध केलें. ज्या शिष्याच्या गादीवर पोप आपला हक्क सांगतो, त्याच शिष्याचें पुराण व्हावें, यांत कॅथलिक दृष्टि स्पष्ट दिसते. उलटपक्षीं, श्रीरामपूरच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनीं प्रथम मूळ ग्रंथाचेंच भाषांतर हातीं घेतलें व १८११ सालीं मराठी नवा करार छापला. अमेरिकन मिशनरी १८१३ सालीं मुंबईस आले. त्यांच्या मिशनचें ‘ज्ञानोदय’ १८४२ सालीं अहमदनगरास निघालें. एकाचें पुराण, दुसऱ्याचें भाषांतर : प्रमाणाचा भेद वाङ्मयाच्या प्रकारांतही उतरला.

तिसऱ्या शाखेची गोष्ट खेदाची आहे. गोव्याचा आर्चबिशप अलेक्सो द मेनेझिस यानें १५९९ सालीं केरळांत उदयंपेरूर येथें सभा भरवून तेथील सुरियानी ख्रिस्त्यांस रोमच्या रीतीस लाविलें. पाद्र्यांनीं बायका सोडाव्या असें ठरलें, आणि सुरियानी पोथ्या तपासून दुरुस्त कराव्या किंवा जाळाव्या असा हुकूम झाला. १६५३ सालीं मट्टानचेरी येथें त्या लोकांनीं क्रुसाची शपथ घेऊन जेझुइटांचा अधिकार झुगारिला व पुढें त्यांतील एक भाग सीरियाच्या ऑर्थोडॉक्स परंपरेस मिळाला. परंतु गेलेल्या पोथ्या परत आल्या नाहींत. काळाचा न्याय असा, कीं पुढें गोव्याचाच एक कॅथलिक पाद्री, अंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारिस (१८३६-१९२३), १८८९ सालीं त्याच सुरियानी परंपरेंत मार यूलियस या नांवानें बिशप झाला.

उदयंपेरूरच्या पोथ्या ‘चुकीच्या’ ठरल्या त्या परक्या शाखेच्या मापानें मोजल्यामुळें. आमच्या स्नेह्यांची पेन्सिल त्या अग्नीपुढें अगदींच निरुपद्रवी. पण वृत्ति त्याच जातीची. ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ व १६५४ च्या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. ग्रंथ वांचला तो हस्तलिखितांनीं वांचविला. म्हणून संग्राहकांस आमची विनंति इतकीच कीं, ख्रिस्ती कागदावर चिठी लावतांना आज्ञांचा क्रम, आधारग्रंथ, संतांचे उल्लेख, संस्कारांची संख्या व तारखेची पद्धति एवढीं पांच कलमें नोंदवावीं, आणि पाठ सुधारण्यापूर्वीं शाखा विचारावी. स्नेह्यांनीं तो ‘७’ आतां खोडून काढिला आहे. चिठीवर ‘कॅथलिक, बहुधा’ असें लिहिलें आहे. तूर्त तेवढें पुरें.