नंदीध्वज आणि कारागिरांचा मान

मंदिराचा जीर्णोद्धार झाला म्हणजे देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जातात, आणि ते योग्यच आहे. परंतु ती शिळा घडविणाऱ्याचे नाव सहसा कोठेच आढळत नाही. प्रस्तुत स्मरणिकेच्या निमित्ताने त्या हातांचे थोडे स्मरण करावे, एवढाच या लेखाचा हेतू.

विलायतेत एकोणिसाव्या शतकात कारागिरांच्या संघटना आपापल्या धंद्याची चित्रे रंगविलेले मोठाले रेशमी ध्वज मिरवणुकीत नेत असत. लंडनच्या जॉर्ज टुटिल यांनी १८३७ साली असे ध्वज करण्याचा कारखानाच काढला. आपल्या सोलापुरी ध्वजांवर चित्रे नसतात. त्यांचा मान मात्र फार जुना आहे.

बाराव्या शतकातील शिवयोगी श्री सिद्धरामेश्वरांनी सोलापुरी तलाव खोदविला, अडुसष्ट लिंगे स्थापिली. त्यांच्या योगदंडाशी एका कुंभारकन्येचा विवाह झाला, अशी कथा आहे. दरवर्षी संक्रांतीच्या यात्रेत संमती कट्ट्यावर हाच सोहळा होतो. योगदंडाचे प्रतीक असलेले सात उंच नंदीध्वज पांढरी बाराबंदी ल्यालेले भक्त तोलून नेतात. त्यांपैकी चौथा व पाचवा विश्वब्राह्मण समाजाचा, तर सहावा व सातवा मातंग समाजाचा.

हा क्रम मनन करण्यासारखा आहे. विश्वब्राह्मण म्हणजे लोखंड, लाकूड, तांबे-कासे, दगड आणि सोने या पाच कामांचे कारागीर. मंदिराचे दार, घंटा, शिळा, कळस त्यांच्याच हातचे. मातंग बंधू पिढ्यान्‌पिढ्या दोर वळीत आले. मोटेचा नाडा त्यांचाच. गावगाड्याने त्यांना वेशीबाहेर ठेविले, हे आपण विसरू नये. तरीही देवाच्या लग्नात त्यांचे दोन ध्वज नसतील तर सात पुरे होत नाहीत!

विणकरांचेही तसेच. नारळी पौर्णिमेस पद्मशाली समाजाचा श्री मार्कंडेय रथोत्सव निघतो, तेव्हा मिरवणुकीत हातमागावर वस्त्र विणून देवास अर्पण करण्याची प्रथा आहे. तेथे हातमाग हाच ध्वज.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपल्या मंदिराच्या कामातही पाथरवट, सुतार, लोहार, गवंडी यांनी घाम गाळला. घमेली वाहणाऱ्या मायबहिणीही होत्या. देणगीदारांच्या फलकाशेजारी या सर्वांच्या नावांचा एक फलक लागावा, अशी विनंती आहे. धन देणारा आणि हात देणारा, दोघेही श्रींचे सेवेकरी. दोघांचीही नावे पुढील पिढीस वाचावयास मिळोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.