घाट उरले, टाकी धरणारे हात कुठं गेले?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण पूर्ण वाचा. विषय आपल्या वाईचा आहे आणि फक्त वाईचा नाही.

ढोल्या गणपतीला आपण सगळे जातो. हात जोडतो, प्रसाद घेतो, परत फिरतो. एकदा जरा वळसा घालून देवळाची मागची भिंत बघा. ती सरळ नाही. माशाच्या आकारासारखी निमुळती होत गेलेली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा थेट भिंतीवर आदळू नये, दोन्ही बाजूंनी फुटून निघून जावा, म्हणून. 1762 साली गणपतराव रास्त्यांनी हे देऊळ बांधलं. तेव्हापासून किती पूर आले आणि गेले, भिंत जागेवर आहे. रास्त्यांचं नाव आपल्याला माहीत आहे. ज्यानं हा आकार दगडात उतरवला त्याचं नाव मात्र कुठंच नाही.

हे आपल्याकडे नेहमीचंच. शिलालेखात देणगी देणारा असतो, राजा असतो, शक असतो. पाथरवट नसतो. रायगडावर जगदीश्वराच्या देवळात हिरोजी इंदुलकरांचं नाव पायरीच्या दगडावर आहे, म्हणून आपण ते इतक्या कौतुकानं सांगतो. पण हिरोजी बांधकामाचे प्रमुख. त्यांच्या हाताखाली घण मारणारे, टाकी चालवणारे शेकडो लोक कोण होते? पाथरवट, बेलदार, वडार, गवंडी, चुनेवाले, लोहार. एवढंच आपण सांगू शकतो. जातींची नावं उरली, माणसांची नाहीत.

आता मुद्द्याचं. 11 जुलै 2025 ला युनेस्कोनं आपले 12 किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतला जिंजी. आपला शेजारी प्रतापगड त्यात आहे. फटाके वाजले, स्टेटस लागले, मीही लावलं. बारापैकी आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्व खात्याकडे, तर साल्हेर, राजगड, खांदेरी आणि प्रतापगड राज्याच्या खात्याकडे आहेत. ठीक. पण उद्या प्रतापगडाच्या तटाचा एक भाग ढासळला आणि तो होता तसाच बांधायचा म्हटलं, तर बांधणार कोण? पैसा येईल, वास्तुविशारद येतील, ड्रोननं मोजमाप होईल. दगडाला हात लावणारा कुठून आणणार?

दगडकाम म्हणजे नुसता दगड फोडणं असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी थोडं सांगतो.

आपला सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. कठीण, चिवट. राजस्थानच्या वाळूच्या दगडासारखा तो गोडीत येत नाही. खाणीतून काढतानाच कारागीर त्यावर हातोडी मारून आवाज ऐकतो. खणखणीत आवाज आला तर दगड चांगला, बद्द आला तर आत कुठंतरी चीर आहे. मग ज्या रेषेत फोडायचा तिथं ओळीनं खाचा घ्यायच्या, त्यात पाचरी ठोकायच्या आणि सुतकीनं आळीपाळीनं घाव घालत जायचं. घाई केली की दगड भलत्याच बाजूनं जातो आणि दोन दिवसांची मेहनत वाया. पुढं टाकीनं घडाई. गुण्या लावून कोन बघायचा, दोरी धरून पातळी बघायची, चिऱ्यावर चिरा असा बसवायचा की सांध्यात नखसुद्धा जाऊ नये. काळ्या दगडावर टाकीची धार बघता बघता बोथट होते. म्हणून जवळ लोहाराची भट्टी हवीच. टाकी तापवून, ठोकून तिला पाणी देणं हीसुद्धा वेगळी विद्या. पाणी जास्त झालं तर टोक तुटतं, कमी झालं तर वाकतं. म्हणजे एक पाथरवट गेला की त्याच्यामागं एक लोहारही जातो.

आणि चुना. चुनखडी भट्टीत भाजायची, पाण्यात विरवायची, बरेच दिवस भिजत ठेवायची. मग वाळू किंवा विटांचा चुरा घालून घाणीत मळायचा. कितीतरी गडांवर आजही तो गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं अवजड दगडी चाक दिसतं. पर्यटक त्यावर बसून फोटो काढतात. बैल जोडून तासन्‌तास फिरवलेल्या त्या चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा असलं काय काय पडायचं. कुठल्या कामाला काय आणि किती, हे हातालाच माहीत असायचं.

सिमेंटनं काम होत नाही का? होतं, आणि तिथंच घात होतो. चुन्याच्या दर्जा भिंतीला श्वास घेऊ देतात. पावसाचं पाणी आत गेलं तर त्याच वाटेनं बाहेर पडतं. भिंत थोडी हलली तर चुना ते सोसून घेतो. वरून सिमेंट थापलं की ही वाट बंद होते. पाणी आतच कोंडतं, भिंतीतला जुना चुना धुऊन निघतो आणि काही वर्षांनी भिंतीला पोट सुटतं. मग आपण म्हणतो, जुनं बांधकाम, किती टिकणार! अरे, ते अडीचशे वर्षं टिकलंच होतं की.

गावोगाव बघा. काळ्या पाषाणाच्या देवळाला ऑइल पेंट, गाभाऱ्यात टाइल्स, दर्जांमध्ये सिमेंट, वर 'जीर्णोद्धार' अशी संगमरवरी पाटी. भक्तीनंच केलेलं असतं, त्यात शंका नाही. वर्गणी काढलेली असते. पण वेगळा सल्ला देणारा कारागीरच गावात उरलेला नसतो.

तो का उरला नाही, हा खरा इतिहास आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

अंबरनाथचं देऊळ 1060 सालचं. त्यानंतर सिन्नरचा गोंदेश्वर, खिद्रापूरचा कोपेश्वर. पुढं ही विद्या किल्ल्यांत गेली, मग पेशवाईत वाडे, घाट आणि विहिरी. आपल्याजवळची लिंबची बारा मोटांची विहीर घ्या किंवा नाना फडणविसांचा मेणवलीचा घाट. या सगळ्या काळात शाळा नव्हती, कारण बांधकाम हीच शाळा होती. पोरगं आधी पाणी आणायचं, मग टाक्या लोहाराकडं न्यायचं, मग दगडाची पाठ ठोकायचं आणि दहा वर्षांनी कुठं त्याच्या हाती तोंडाचा दगड यायचा.

इंग्रज आले तेव्हा काम थांबलं नाही, उलट वाढलं. बोरघाटातली रेल्वे 1863 ला सुरू झाली, तिथल्या बोगद्यांत किती मजूर मेले त्याला गणती नाही. मुंबईत 1857 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट निघालं. लॉकवूड किपलिंग तिथं 1865 पासून दहा वर्षं शिकवायला होते (तेच, 'जंगल बुक'वाल्या रुड्यार्डचे वडील). व्हिक्टोरिया टर्मिनस, म्हणजे आजचं सीएसएमटी, 1878 ते 1888 या काळात उभं राहिलं आणि त्याच्या कोरीवकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. शाळा आणि प्रत्यक्ष बांधकाम एकमेकांना जोडलेलं होतं, म्हणून ती मोरं, माकडं, पानंफुलं आजही बघत राहावी अशी आहेत. परकीय सरकारनं जे केलं ते आपल्या सरकारांना का जमू नये, हे मला कोडंच आहे.

पण त्याच इंग्रजांनी 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पोटासाठी गावोगाव फिरणाऱ्या कितीतरी जमातींवर शिक्का मारला. कायदा 1952 साली रद्द झाला. आपल्याकडं वडार समाज आजही विमुक्त जातींच्या यादीत आहे. त्या 'विमुक्त' शब्दातच सगळा इतिहास आला. ज्यांनी घाट बांधले त्यांना घाटाच्या गावात जागा नव्हती, पालं गावाबाहेर.

मग आरसीसी आलं. चिरेबंदी वाडा बांधणारा उरला नाही, मग घडाई करणाऱ्याला काय काम? रस्त्याची खडी फोडणं. पुढं क्रशर आले, ते पण गेलं. जातं, पाटा-वरवंटा घडवणं आणि त्याला टाकी लावणं एवढं उरलं होतं. 'टाकी लाऽऽव' ही आरोळी चाळिशीच्या पुढच्यांना आठवत असेल. मिक्सरनं ती बंद केली. मला वाटतं खरा घाव तो होता. जात्याला टाकी लावण्यातच पोरांचा हात बसायचा. ती पहिली पायरीच निघून गेली.

आता सरकार काय करतंय? सप्टेंबर 2023 पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. 18 व्यवसायांत मूर्तिकार, दगड घडवणारा, दगड फोडणारा आणि गवंडी येतात. प्राथमिक प्रशिक्षण 5 ते 7 दिवसांचं, पुढचं 15 दिवसांचं, रोज 500 रुपये भत्ता, अवजारांसाठी 15 हजार, शिवाय कमी व्याजाचं कर्ज. ज्याच्या हातात आधीच कला आहे त्याला याचा उपयोग आहे, त्यानं नक्की घ्यावा. पण नवा पोरगा सात दिवसांत काळा दगड घडवायला शिकेल का? सात दिवसांत हाताचे फोडसुद्धा बरे होत नाहीत.

तमिळनाडूकडं बघा. महाबलीपुरमला 1957 पासून सरकारी शिल्प महाविद्यालय आहे. दगडी मंदिर कसं बांधायचं याची पदवी मिळते. तिथं प्राचार्य राहिलेल्या गणपती स्थपतींनीच कन्याकुमारीचा 133 फुटी तिरुवल्लुवर उभा केला. त्यांच्याकडं एक जिंजी आणि एक कॉलेज. आपल्याकडं अकरा किल्ले, आणि कॉलेज?

माझं म्हणणं फार मोठं नाही. किल्ला असो की घाट, दुरुस्तीच्या प्रत्येक निविदेत अट घाला की ठेकेदार अमुक इतके शिकाऊ हात तीन वर्षं कामावर ठेवील आणि शिकवणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराला इंजिनिअरइतका नाही तरी निदान मानानं जगता येईल एवढा पगार मिळेल. सर्वात कमी दरवाल्याला काम देण्याचा नियम रस्त्याला ठीक आहे, घाटाला नाही. कमी दरात सिमेंटच येतं. आणि पोरांना गॉगल, मास्क द्या. या धंद्यात डोळ्यात कपची जाणं आणि छातीत धूळ बसणं हे ठरलेलं. बाप आपल्या पोराला यात घालत नाही त्याचं एक कारण ते पण आहे. दुसरं कारण लग्न जमत नाही हे. हसू नका, खरं आहे.

तर आता एक काम तुम्हाला. वाई, पाचवड, भुईंज, मेणवली, पसरणी, जावळीच्या बाजूला, कुठंही काळा दगड घडवणारा किंवा चुना मळायला येणारा कुणी पन्नाशी-साठीच्या पुढचा माणूस माहीत असेल तर मला मेसेज करा. त्यांना विचारल्याशिवाय नाव कुठं टाकणार नाही. यादी करून नगरपालिकेला आणि पुरातत्व खात्याला देणार आहे. दिवाळीच्या आत द्यायची आहे, म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी घाटाच्या कामाचं काही ठरलं तर निदान विचारायला माणसं असतील.